‘कसं झालं?’ विचारल्यानंतरचा वेळ: इयोना पोतापोवचं प्रकरण

इयोना पोतापोव हा पीटर्सबर्गमधला म्हातारा गाडीवान. हिवाळ्यात तो भाड्याची स्लेज हाकतो, म्हणजे घोडी जुंपलेली, बर्फावरून घसरत जाणारी गाडी. त्याचा मुलगा गेला त्याला आता आठवडा होत आलाय. एका संध्याकाळी तो तीन ठिकाणी हे सांगायला बघतो, आणखी एका माणसाशी ‘किती वाजले’ यापलीकडे जातच नाही, आणि रात्री तबेल्यात जाऊन घोडीला सगळं सांगतो. गोष्ट एवढीच, छापील काही पानांची.

अंतोन चेकॉव्हची ही कथा जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २७ जानेवारी १८८६ रोजी ‘पेतेर्बुर्ग्स्काया गाझेता’ या दैनिकात आली. लेखक तेव्हा २६ वर्षांचा होता. दोनच वर्षांपूर्वी डॉक्टर झालेला, रुग्ण तपासून उरलेल्या वेळात वर्तमानपत्रांना गोष्टी देणारा आणि खाली ‘आ. चेखोन्ते’ अशी टोपणनावानं सही करणारा. कथेचं मूळ नाव ‘तस्का’. या रशियन शब्दात दुःख आहे, ओढ आहे, जीव कुठेच न लागणंही आहे. मराठीत मला ‘घालमेल’ त्यातल्या त्यात जवळचा वाटतो.

शोकात असलेल्या माणसाशी कसं बोलावं यावर पुष्कळ लिहिलं जातं. पण मला स्वतःला या विषयातलं जे काही कळलं ते बहुतेक या एका कथेतून, आणि ती पुन्हा पुन्हा इतरांबरोबर वाचताना. आमच्या वाचनगटात आठ-दहा जण आहेत. दोन नर्स, घरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या तीन मावश्या, एक निवृत्त एसटी कंडक्टर, बाकी माझ्यासारख्या वाचायची आवड असलेल्या बायका. इयोनाची गोष्ट आम्ही गोष्ट म्हणून एकदा वाचली आणि मग प्रकरण म्हणून पुन्हा वाचली. कोण काय बोललं, कुणी कुठे तोडलं, काय करता आलं असतं. हे लेखन त्यातूनच आलंय.

पत्ता नसलेला शोक

इयोनाची माहिती चेकॉव्ह थोडीच देतो, पण ती पुरते. १८६१ साली रशियातली भूदासपद्धती संपली आणि पुढच्या दशकांत खेड्यातले शेतकरी हंगामी कामासाठी मोठ्या संख्येनं शहरांकडे निघाले. हिवाळ्यात शेत बर्फाखाली गेलं की घोडं घेऊन शहर गाठायचं आणि भाडी मारायची. अशा खेडवळ गाडीवानांना शहरात सरसकट ‘वान्का’ म्हणत. इयोनाच्या घोडीबद्दल चेकॉव्ह म्हणतो की ती नांगरापासून, ओळखीच्या करड्या देखाव्यांपासून तोडून या दिव्यांच्या आणि गोंगाटाच्या भोवऱ्यात आणून टाकलेली आहे. हे तिच्या मालकालाही लागू आहे, ते वेगळं सांगायला नको.

गावाकडे त्याची मुलगी आहे, अनीस्या. बायकोचा उल्लेख येतो तो एकदाच, आणि थट्टेच्या सुरात. शहरात तो इतर गाडीवानांबरोबर एका सामायिक खोलीत राहतो. मोठी मळकी शेगडी, बाकांवर आणि जमिनीवर घोरणारी माणसं, कोंदट हवा. गेलेला मुलगाही गाडीवानच होता.

म्हणजे या माणसाच्या शोकाला घर नाही. आपल्याकडे कुणी गेलं की त्या घराला काही दिवस पत्ता मिळतो. लोक समाचाराला येतात, चपला दाराशी काढतात, सतरंजीवर टेकतात. चूल पेटलेली नसते, शेजारून पिठलं-भात येतो. इयोनाकडे कुणी येणार ते कुठे? तो स्वतःच रस्त्यावर, दुसऱ्यांना त्यांच्या पत्त्यावर सोडत फिरतोय.

कथेची सुरुवात होते तेव्हा संध्याकाळ झालीय, दिवे नुकतेच लागलेत, आणि ओला, मोठ्या पाकळ्यांचा बर्फ पडतोय. इयोना दुपारच्या जेवणाआधीच बाहेर पडलाय आणि अजून भवानी झालेली नाही. तो भुतासारखा पांढरा झालाय, माणसाला वाकता येईल तेवढा वाकून बसलाय. बर्फाचा अख्खा ढीग अंगावर कोसळला तरी तो झटकावा असं त्याला वाटलं नसतं, असं चेकॉव्ह लिहितो. मला हे वाक्य प्रकरणाची पहिली नोंद म्हणून महत्त्वाचं वाटतं. मावश्यांपैकी एक म्हणाल्या, “आमच्याकडं पेशंटच्या नातेवाइकांना असंच बघते मी. पंखा बंद असतो, घाम येत असतो, उठून बटण दाबत नाहीत.”

लष्करी अधिकारी

पहिलं गिऱ्हाईक एक लष्करी अधिकारी. त्याला नेवा नदीच्या पलीकडे विबोर्ग भागात जायचंय. इयोनाचं गाडीवर लक्ष नाही, गाडी भलतीकडे जाते, पादचारी शिव्या घालतात. अधिकारी त्यावर चिडत नाही, उलट गंमत करतो, की हे सगळे तुझ्या घोडीखाली यायचा कट करूनच निघालेत बघ. माणूस वाईट नाही. इयोना मागे वळून बघतो, ओठ हलवतो, आवाज फुटत नाही. अधिकारी आपण होऊन विचारतो, काय म्हणतोस? मग कसंबसं बाहेर पडतं की साहेब, माझा मुलगा या आठवड्यात वारला.

आणि अधिकारी नेमका योग्य प्रश्न विचारतो. कशानं गेला?

आमच्या गटात पहिल्या वाचनाला जवळजवळ सगळ्यांना वाटलं होतं की इयोनाला कुणी विचारलंच नाही. पुन्हा वाचल्यावर दिसलं की विचारलं होतं. इयोना अख्खं अंग वळवून बसतो आणि सांगू लागतो. कोण जाणे, ताप असावा, तीन दिवस इस्पितळात होता, देवाची मर्जी. एवढ्यात अंधारातून कुणीतरी ओरडतो, वळव गाडी, डोळे आहेत का नाहीत? अधिकारी म्हणतो, चल चल, अशानं उद्यापर्यंत पोचणार नाही. इयोना गाडी सरळ करतो आणि नंतर पुन्हा पुन्हा मागे वळून बघतो. तोवर अधिकाऱ्यानं डोळे मिटून घेतलेले असतात.

संवाद तुटला तो इथे. प्रश्न चांगला होता, तोंडात सहानुभूतीही होती, पण उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्या प्रश्नाबरोबर दिलेला नव्हता. ‘कशानं गेला’ हे आपण पुष्कळदा माहिती म्हणून विचारतो. ताप, हार्ट, अपघात असं एका शब्दाचं उत्तर मिळालं की आपल्या मनातला रकाना भरतो. सांगणाऱ्याला मात्र तो शब्द म्हणजे दार उघडल्याची खूण वाटते.

आणखी एक गोष्ट आमच्या कंडक्टर काकांनी दाखवली, ती मला कधी सुचली नसती. ते म्हणाले, “बसण्याची रचनाच बघा ना. गाडीवानाची पाठ गिऱ्हाइकाकडं. आमच्या एसटीत लिहिलेलं असायचं, चालकाशी बोलू नये. ह्याला सांगायचं तर प्रत्येक वेळी मान वळवायला लागते, आणि मान वळवली की गाडी जाते दुसऱ्याच्या अंगावर.” पुन्हा कथा काढून बघितली. खरंच, इयोना प्रत्येक वेळी मागे वळतो. त्याला बोलायला जी जागा मिळाली आहे तिथून समोरच्याचा चेहरा दिसतच नाही.

तीन तरुण

पुढे तास-दोन तास जातात. मग तीन तरुण येतात, दोघं उंच सडपातळ, एक ठेंगणा आणि कुबड असलेला. नेव्स्की रस्त्यावरच्या पोलीस पुलापर्यंत तिघांचे वीस कोपेक देऊ म्हणतात. शंभर कोपेकांचा एक रुबल. भाडं परवडणारं नाही, पण इयोनाला आता रुबल काय आणि पाच कोपेक काय, सारखंच. गाडीत माणसं हवीत. दोघांनाच बसायला जागा, म्हणून ठेंगण्याला उभं राहावं लागतं. तो इयोनाच्या मानेवर श्वास सोडत त्याच्या टोपीची टर उडवतो, हळू चालतोस म्हणून शिव्या घालतो.

या शिव्यांबद्दलचं एक वाक्य मला फार अस्वस्थ करतं. पाठीमागे वळवळणारं ते शरीर इयोनाला जाणवतं, आपल्याला दिलेल्या शिव्या ऐकू येतात, माणसं दिसतात, आणि छातीवरचा एकटेपणा हळूहळू हलका व्हायला लागतो. शिव्यांनी! माणूस किती उपाशी असेल याचं मोजमाप चेकॉव्ह असं देतो. तरणीताठी पोरं आपल्याला ‘म्हातारा पटकी’ म्हणतात आणि तो हसून म्हणतो, मजेशीर लोक आहात, देव तुम्हाला सुखी ठेवो.

त्यांच्या गप्पांत जरा खंड पडल्यावर तो सांगतो, माझा मुलगा या आठवड्यात वारला. ठेंगणा उसासा टाकून म्हणतो, सगळेच मरणार आहोत.

आपल्याकडे याची कितीतरी रूपं आहेत. ‘कुणाला चुकलंय का’, ‘आला तो जाणार’, ‘देवालाही चांगली माणसं लागतात’, ‘सुटला बिचारा’. यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि बरेचदा ते मनापासूनच म्हटलं जातं. पण ही वाक्यं एका विशिष्ट माणसाच्या मरणावर सगळ्यांच्या मरणाची चादर घालतात. तुझा मुलगा, ताप, तीन दिवस, इस्पितळ हे सगळं त्याखाली झाकलं जातं आणि बोलणं थांबतं. ठेंगणा खोकल्यावर ओठ पुसता पुसता हे म्हणतो. त्याचीही तब्येत बरी नसावी, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. स्वतःच्या मरणाला भिणारा माणूस दुसऱ्याच्या घरातल्या मरणावर असंच घाईनं झाकण लावतो.

नंतर त्यांच्यापैकी एकजण विचारतो, तुझं लग्न झालंय का? इयोना हसत उत्तर देतो की आता माझी एकच बायको, ओली माती, म्हणजे थडगंच. मुलगा गेला आणि मी जिवंत राहिलो, मरणानं दार चुकवलं, माझ्याकडे यायचं ते त्याच्याकडे गेलं. वयस्क बापाच्या तोंडी याहून मोठा आक्रोश असू शकत नाही. पण तो आलाय हसण्याबरोबर, थट्टेच्या उत्तरात, थट्टा करणाऱ्यांसमोर. नर्स असलेल्या आमच्या मैत्रिणीनं इथे पेन्सिलीनं रेघ मारली होती. तिचं म्हणणं, वॉर्डात लोक सगळ्यात जड गोष्ट हसत सांगतात, कारण हसून सांगितलेलं परत घेता येतं. ऐकणाऱ्यानं हसण्याकडे बघायचं की शब्दांकडे, एवढाच प्रश्न असतो. मुलांनी हसण्याकडे बघितलं. इयोना वळून मुलगा कसा गेला ते सांगणार, इतक्यात ठेंगणा सुटकेचा श्वास टाकतो, की पोचलो बाबा एकदाचे.

वीस कोपेक हातात पडतात. तिघं अंधाऱ्या दारात दिसेनासे होतात, त्या दाराकडे इयोना बराच वेळ बघत राहतो.

रखवालदार आणि तरुण गाडीवान

मग एका इमारतीचा रखवालदार दिसतो. या वेळी इयोना मुलाचा विषयच काढत नाही, किती वाजले एवढं विचारतो. नऊ वाजून गेलेत, इथे कशाला थांबलास, पुढे हो. बस्स. या भेटीला दोन ओळी आहेत, पण प्रकरण म्हणून बघताना इथे थांबायला हवं, कारण दोनदा तुटल्यावर माणूस तिसऱ्यांदा काय करतो ते इथे दिसतं. तो दुःख मागे ठेवतो आणि एखादा बिनधोक प्रश्न पुढे करतो. आपल्यालाही असे फोन येतात. “काही नाही, सहज केला. पाऊस आहे का तुमच्याकडं?”

यानंतर त्याला एकदम असह्य होतं. लोकांकडे जाण्यात अर्थ नाही असं ठरवून तो गाडी मुक्कामाकडे वळवतो.

दीड तासानं तो शेगडीपाशी बसलाय. लवकर परतल्याचा पश्चात्ताप करतोय. घोडीच्या दाण्यापुरती, म्हणजे ओटपुरतीही कमाई झाली नाही, म्हणूनच जिवाला असं होतंय, अशी त्यानं स्वतःची समजूत घातलीय. ज्याला आपलं काम नीट येतं, जो स्वतः पोटभर खातो आणि ज्याचं जनावरही पोटभर खातं, तो कायम शांत असतो, असं त्याचं म्हणणं. शोकाला नाव सापडलं नाही की माणूस तो असा दुसऱ्या खात्यावर टाकतो, बहुतेकदा स्वतःच्या नालायकीच्या.

कोपऱ्यातून एक तरुण गाडीवान पाण्यासाठी उठतो. तहान लागली का? हो. पी बाबा. आणि मग: माझा मुलगा वारला, ऐकलंस? इयोना आपल्या शब्दांचा काय परिणाम झाला ते बघतो. पोरगा तोवर डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपून गेलेला असतो.

या पोराला मी दोष देत नाही. दिवसभर तोही थंडीत हिंडलाय, पहाटे पुन्हा निघायचंय. एवढ्या लोकांत इयोनाचं जगणं खरोखर ओळखणारा हा एकटाच होता, आणि त्याच्यात जागं राहायची ताकद नव्हती. काळजी घेणाऱ्यांची सगळ्यात मोठी अडचण हीच असते, म्हणून मावश्या या प्रसंगावर काहीच बोलल्या नाहीत.

इथे चेकॉव्ह एक यादी देतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तीत आहे. पोराला जशी पाण्याची तहान होती तशी म्हाताऱ्याला बोलण्याची. त्याला सांगायचंय की मुलगा आजारी कसा पडला, त्यानं किती सोसलं, मरण्याआधी तो काय बोलला, कसा गेला. अंत्यविधी कसा झाला. इस्पितळातून त्याचे कपडे आणायला आपण कसे गेलो. गावाकडच्या अनीस्याबद्दलही सांगायचंय. आणि हे घाईघाईनं नव्हे, नीट, सावकाश, थांबत थांबत. ऐकणाऱ्यानं काय करायचं? हळहळायचं, उसासे टाकायचे, शोक करायचा. बायकांपाशी सांगितलं तर आणखी बरं, असं इयोनाला वाटतं, त्या दोन शब्दांत रडायला लागतात.

ऐकणाऱ्याचं काम किती थोडं आहे बघा. सल्ला द्यायचा नाही, अर्थ सांगायचा नाही. आणि तरीही ते या शहरात कुणाला जमलेलं नाही.

इस्पितळातून कपडे आणणं ही बाब मी अनेकदा वाचताना ओलांडून गेले होते. गटातल्या नर्सनं ती पकडली. “पिशवी देतो आम्ही,” ती म्हणाली. “नाव लिहिलेली. घड्याळ, चप्पल, शर्ट. सही घेतो. लोक पिशवीत हात घालून शर्टाची घडी पुन्हा करतात.” यादीत मरण आहे, त्याच्याच शेजारी ही पिशवी आहे. शोकाची गोष्ट सांगायची म्हणजे अशा सगळ्या वस्तूंपाशी थांबत यायचं असतं, म्हणून तिला वेळ लागतो. डॉक्टर असलेल्या लेखकाला ते ठाऊक होतं.

मामीची गोष्ट

माझा मामेभाऊ गेला तेव्हा मी मामीकडे दहा दिवस होते. येणारं प्रत्येक माणूस विचारी, कसं झालं? आणि मामी सांगे. पहिल्या दोन दिवसांत तिची गोष्ट सुरू व्हायची रात्रीच्या फोनपासून. पाचव्या-सहाव्या दिवशी ती सकाळपासून सुरू व्हायला लागली. सकाळी त्यानं चहा घेतला, अर्धाच, कप बेसिनवर तसाच ठेवला, मी ओरडले त्याला. रोज गोष्ट थोडी मागे सरकत होती. शेजारच्या काकू रोज दुपारी येत. त्यांना सगळं पाठ झालेलं, तरी नेमक्या जागी विचारत, “मग काय म्हणाला?”

सातव्या दिवशी मी म्हणाले, “मामी, तेच तेच किती वेळा सांगणार? तुलाच त्रास होतो ना.” मामी गप्प झाली. काकूंनी माझ्याकडे फक्त बघितलं. ताटातलं पिठलं गार होत होतं. त्या दुपारी मामी पुढे काही बोलली नाही आणि मला वाटलं, चला, जरा शांत झाली. इयोनाची यादी वाचली तेव्हा कळलं की ती अर्ध्या कपापर्यंत पोचली होती, अजून मागे जायची होती, आणि मीच वाटेत आडवी आले. माझ्या बोलण्यात काळजी होती, पण माझ्यातच ऐकायचं बळ उरलेलं नव्हतं. ते मी तिच्या त्रासाच्या नावावर खपवलं.

गावाकडे समाचाराला आलेली बाई दारातूनच हेल काढून रडायची, घरातली बाई तिच्या गळ्यात पडायची. शहरात आल्यावर आम्हाला ते नाटकी वाटू लागलं. चेकॉव्हनं कथेच्या सुरुवातीला एक ओळ उद्धृत केली आहे, माझं दुःख मी कुणाला सांगू? ती बायबलमधल्या, भावांनी विकलेल्या योसेफाच्या विलापाच्या जुन्या रशियन धर्मगीतातली आहे. गीताची पुढची ओळ चेकॉव्ह देत नाही, पण त्याच्या अनेक वाचकांच्या कानात ती असणार. ती विचारते, रडायला मी कुणाला बोलावू? सांगणं आणि कुणीतरी बरोबर रडणं, ही त्या गीतात एकाच श्वासातली मागणी आहे, जशी ती आपल्या ओसरीवर होती.

घोडी

शेवटी इयोना कोट चढवून तबेल्यात जातो. जाताना तो ओटबद्दल, गवताबद्दल, हवेबद्दल विचार करतो. मुलाबद्दल कुणाशी तरी बोलता येईल, पण एकट्यानं विचार करणं, त्याचा चेहरा डोळ्यासमोर आणणं भयंकर आहे, असं कथेत स्पष्ट म्हटलंय. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९९ साली मांडलं की शोकातला माणूस दोन काठांमध्ये हेलकावत असतो, एकदा गेलेल्या माणसाकडे, एकदा रोजच्या व्यवहाराकडे, आणि हे हेलकावणं निरोगी असतं. ओट आणि मुलगा यांच्यामध्ये इयोनाचं हेच चाललंय. त्याच्यात बिघाड काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत लांबलेल्या शोकाचं निदान करायलाही किमान सहा महिने जावे लागतात. याचा अजून आठवडाही झालेला नाही. शोकाच्या पाच टप्प्यांचं (नकार, राग, सौदा, खिन्नता, स्वीकार) कोष्टकही त्याला लावू नये. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडलं ते मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून.

घोडी गवत चघळतेय. तिचे डोळे अंधारात चमकताना दिसतात. या संध्याकाळी पहिल्यांदाच इयोना ऐकणाऱ्याच्या समोरासमोर उभा आहे. खा, खा, तो म्हणतो. ओटपुरतं मिळालं नाही, तर गवत खाऊ. मी आता म्हातारा झालो, गाडी मुलानं हाकायला हवी होती, तो खरा गाडीवान होता.

थोडा वेळ गप्प राहून तो म्हणतो की कुझ्मा इयोनिच आता नाही.

माणसांना त्यानं दर वेळी ‘मुलगा’ म्हटलं होतं. नाव पहिल्यांदा आलं ते इथे, घोडीपाशी. आणि तेही नुसतं कुझ्मा असं नाही. रशियन रीतीत नावापुढे बापाचं नाव लावतात ते आदरार्थी, आपल्याकडे मधलं नाव असतं तसं. कुझ्मा इयोनिच म्हणजे इयोनाचा कुझ्मा. आयुष्यभर शहरानं ज्याला ‘ए गाडीवान’ म्हटलं असेल, त्या पोराला बाप रात्री तबेल्यात अहो-जाहोच्या मानानं उच्चारतो, आणि त्या उच्चारात बापाचं स्वतःचंही नाव आहे. मूळ रशियनमध्ये त्यानं दिवसभर ‘मेला’ हा शब्द वापरला; इथे आधी येतो तो रशियनमधला रीतीचा शब्दप्रयोग, ज्याचा शब्दशः अर्थ ‘मागच्यांना दीर्घायुषी व्हा सांगून गेला’.

मग तो घोडीला समजावतो. समज, तुला एक शिंगरू आहे, तू त्याची सख्खी आई. आणि एकाएकी ते शिंगरू गेलं. वाईट वाटेल ना?

कथेत समानुभूती म्हणतात ती कोण दाखवतं, या प्रश्नावर आमच्यात बरीच चर्चा झाली. बहुतेकांचं मत घोडीच्या बाजूचं होतं. मला तसं वाटत नाही. घोडी गवत खाते, ऐकते, मालकाच्या हातांवर श्वास सोडते; तिचं काम तेवढंच आणि ते ती चोख करते. पण दुसऱ्याच्या जागी जाऊन बघण्याचं कष्टाचं काम इयोना करतो. ज्याचा मुलगा गेलाय त्यालाच आपलं दुःख ऐकणाऱ्याच्या भाषेत, शिंगराच्या भाषेत आणावं लागतं. अधिकाऱ्याला एवढंच करायचं होतं, आपला मुलगा डोळ्यासमोर आणायचा होता. तो भार इथे उलटा शोकग्रस्तावरच आला.

आपल्याकडच्या बायकांना हे अनोळखी नाही. पहाटे दळताना त्या जात्याला ईश्वर म्हणत, आईपाशी बोलावं तसं त्याच्यापाशी मन मोकळं करत. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना दगडापाशी बोलणं किती सुंदर असू शकतं ते दिसतं, आणि घरात भरपूर माणसं असताना दगडच का लागला, हेही डोळ्यांआड होत नाही.

कथा संपते ती इयोना घोडीला सगळं सांगतो, या वाक्यावर. काय सांगितलं ते चेकॉव्ह देत नाही. मुलगा शेवटी काय बोलला, कपडे कसे आणले, काहीही आपल्याला कळत नाही. गटातल्या एका मावशींना याचा राग आला. “आपण पण त्या ऑफिसरसारखेच की मग,” त्या म्हणाल्या, “आपल्याला पण ‘ताप’ एवढंच कळलं.”

कुणी काही बोललं नाही. चहा आला होता, कुणी कप उचलला नाही. त्याच मावशी थोड्या वेळानं म्हणाल्या, “आमच्याकडं त्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं नव्हतं.” चार वर्षं आमच्याबरोबर बसणाऱ्या या बाईंचा मुलगा गेलाय, हे आम्हाला ठाऊक होतं. कसा, ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. कंडक्टर काकांनी खुर्ची वळवून त्यांच्यासमोर घेतली.

पुढचं मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. पाऊण तास लागला.